थायरॉइड वाढले की घटले?

गेल्या उन्हाळ्यात कळंबमधील एक गृहिणी माझ्याकडे आल्या. चेहरा सुजलेला, आवाज जड आणि भर वैशाखात अंगावर शाल. म्हणाल्या, "डॉक्टर, थायरॉइड वाढलं असा रिपोर्ट आला, म्हणून दोन महिने गोळी बंद ठेवलीय." रिपोर्ट पाहिला. 'टी.एस.एच.' या अक्षरांसमोर 'हाय' असे छापले होते. मुलाने ते वाचून दाखवले आणि वाढलेले आणखी कशाला वाढवायचे, असा घरात हिशेब झाला.

हिशेब नेमका उलटा होता. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी असते. तिला कामाला लावणारी पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. टी.एस.एच. हे त्या पीयूषिकेचे हार्मोन. कांदा काढणीला मजूर सुस्तावले की मुकादमाचा आवाज चढतो ना, तसेच हे. टी.एस.एच. वाढले याचा अर्थ बहुधा थायरॉइडचे काम घटले. या आजाराचे नाव हायपोथायरॉइडिझम.

असली नावे ऐकून माणूस बिचकतो. पण उपसर्ग आणि प्रत्यय आपण शाळेत शिकलो आहोत. अतिवृष्टी आणि अनावृष्टी यांतला फरक शेतकऱ्याला कोणी सांगावा लागत नाही. 'हायपर' म्हणजे अति, 'हायपो' म्हणजे कमी; दोन्ही शब्द ग्रीक. 'इझम' म्हणजे तशी अवस्था. हायपोमध्ये थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, वजन वाढणे. हायपरमध्ये धडधड, हातांना कंप, घाम, खाऊनही वजन उतरणे. दोघेही रुग्ण सांगतात, "मला थायरॉइड आहे." अहो, थायरॉइड तर सर्वांनाच असते! उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून शेजारणीची गोळी कधीही घेऊ नये.

नावाच्या शेवटी 'आयटिस' आले तर दाह समजावा, जसे थायरॉइडायटिस. 'एक्टॉमी' म्हणजे शस्त्रक्रियेने काढून टाकणे. 'युरिया' म्हणजे लघवीशी संबंध. खताच्या पोत्यावरचा युरियाही त्याच मुळातला. पॉलियुरिया म्हणजे लघवीचे प्रमाण फार होणे. आपल्या 'मधुमेह' शब्दातला 'मेह' हाही लघवीच.

मधुमेहात तर एका अक्षराने जीव टांगणीला लागतो. 'ग्लाय' म्हणजे गोड, 'एमिया' म्हणजे रक्तात. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त. हायपोग्लायसेमिया म्हणजे कमी, साधारण ७० मिलिग्रॅमच्या खाली. इन्सुलिन घेऊन जेवण चुकले की दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी 'शुगरचा पेशंट आहे, गोड देऊ नका' म्हणणारे पाहुणे घरोघर भेटतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

त्या बाईंची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा तपासले. या खेपेस शाल नव्हती, आणि रिपोर्ट मुलाच्या हातून घेऊन त्यांनी आधी माझ्यासमोर ठेवला.