आर्म हलत नाही? जोर नको, तोल बघा!

गॅदरिंगची तालीम रंगात आलेली असते. ड्रमवाला रेडी, कीबोर्डवाला रेडी, आणि नेमकी तेव्हाच इलेक्ट्रिक गिटारची ती वाकडी दांडी असहकार पुकारते. तिला कुणी ट्रेमोलो आर्म म्हणतं, कुणी व्हॅमी बार. दाबली तर हलत नाही. दोन्ही हातांनी दाबली तर हलते, पण सोडल्यावर सहाच्या सहा तारा बेसूर.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठंही असा. इलेक्ट्रिक गिटार आता कुरिअरनं घरपोच येते. ती सेट करून देणारा कारागीर मात्र खोक्यातून येत नाही. मग सल्ले सुरू होतात. "नांदेडला दाखव." "पुण्याला पाठव." "अरे, जोर लाव, सुटेल!" यातला शेवटचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. ही दांडी ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्यात आट्यांवर बसलेली असते. जोर लावून आटे गेले किंवा दांडी आतच तुटली, तर साध्या कामाचं मोठं काम होतं.

खरं तर बहुतेक वेळा काही जाम झालेलंच नसतं. तोल बिघडलेला असतो, आणि तो घरी, एका स्क्रू ड्रायव्हरवर दुरुस्त होतो.

रेडिओ दुरुस्तीवाल्याची करामत

ही यंत्रणा घराघरांत पोचवली लिओ फेंडर यांनी. कॅलिफोर्नियातलं फुलरटन हे तेव्हा संत्र्यांच्या बागांचं गाव. तिथं १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५४ साली त्यांच्या कंपनीची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली, आणि तिच्यावर हा हलणारा ब्रिज होता. आज स्वस्तातल्या बहुतेक 'स्ट्रॅट' आकाराच्या गिटारवर त्याचीच नक्कल असते.

त्यांनी त्याला 'ट्रेमोलो' नाव दिलं, तेही चुकीचं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. इथं बदलतो तो सूर. त्याला व्हायब्रेटो म्हणतात. आपल्याकडे यासाठी मींड आणि आंदोलन हे शब्द आहेतच. सतारवादक एक तार बाजूला ओढून मींड काढतो. ही दांडी सहाही तारा एकदम सैल किंवा ताठ करते. जेफ बेकसारखा गिटारवादक तर या दांडीनं गिटारला अक्षरशः गायला लावायचा.

पण दुरुस्तीवाल्या माणसाचं डोकं यात ठायीठायी दिसतं. डिंकानं चिकटवलेलं काही नाही, सगळं स्क्रूवर. म्हणजे उघडा, बघा, पुन्हा लावा.

काट्याची दोन पारडी

हळदीच्या मोंढ्यात जुना तराजू पाहिला असेल, तर हा ब्रिज समजायला पाच मिनिटं लागत नाहीत. एका पारड्यात तारा. नऊ गेजचा सेट नेहमीच्या ट्यूनिंगला लावला, की सहा तारा मिळून ब्रिजला साधारण ३८ किलोच्या ताकदीनं पुढं ओढतात. दहा गेजचा सेट असेल तर हीच ओढ साधारण ४७ किलोवर जाते. दुसऱ्या पारड्यात गिटारच्या पाठीमागच्या झाकणाखालच्या स्प्रिंगा. त्या ब्रिजला मागं खेचतात. त्यांची दुसरी टोकं एका पंजासारख्या पट्टीत अडकवलेली असतात. तिला क्लॉ म्हणतात, आणि ती दोन लांब स्क्रूंनी लाकडाला धरलेली असते.

दोन्ही पारडी सारखी झाली की ब्रिज अधांतरी तोलून राहतो. मग दांडी बोटानंही हलते. स्प्रिंगांचं पारडं जड झालं, की ब्रिज बॉडीवर घट्ट टेकून बसतो आणि आधी ती जादा ओढ मोडून काढल्याशिवाय दांडी हलतच नाही. तारांचं पारडं जड झालं, की ब्रिजची मागची बाजू वर उचलली जाते आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात.

सेकंडहँड गिटार असेल तर आणखी एक शक्यता. आधीच्या मालकानं ब्रिज मुद्दाम टाइट केलेला असू शकतो. एरिक क्लॅप्टन तर पाचही स्प्रिंगा लावून, मागं लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज पक्का बंद करून टाकतात. त्यांना दांडी वापरायचीच नसते. तुम्हाला वापरायची असेल, तर हा बंदोबस्त उघडावा लागेल.

बारावीचं फिजिक्स इथं कामाला येतं

हूकचा नियम आठवा: स्प्रिंग जितकी ताणाल तितकी ती जास्त ओढते. शेजारी शेजारी लावलेल्या स्प्रिंगांचा कडकपणा एकमेकांत मिळवायचा असतो. म्हणजे पाच स्प्रिंगा थोड्या ताणून जी ओढ मिळते, तीच तीन स्प्रिंगा जास्त ताणूनही मिळते. ब्रिजचा तोल दोन्हीकडे सारखाच. हाताला मात्र फरक कळतो, कारण तीन स्प्रिंगांचा एकूण कडकपणा पाचांपेक्षा ४० टक्के कमी असतो.

थोडक्यात, तोल क्लॉच्या स्क्रूंनी साधायचा आणि दांडी मऊ हवी की कडक, हे स्प्रिंगांच्या संख्येनं ठरवायचं.

आधी तपासणी

• दांडी स्वतःच आट्यात अडकलीय का? ती अलगद फिरवून बघा. फिरत नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून थोडं थांबा.
• ब्रिज बाजूनं बघा. मागची कड बॉडीला टेकलीय की वर तरंगतेय?
• ब्रिजच्या पुढच्या बाजूचे सहा स्क्रू करकचून आवळलेत का? तसं असेल तर ब्रिजला डोलायला जागाच उरत नाही.
• मागचं झाकण काढा. स्प्रिंगा किती आहेत? ठोकळा लाकडाला घासतोय का? कुठं गंज, धूळ, घामाचं किटण आहे का?

आता स्क्रू ड्रायव्हर घ्या

झाकणाचे स्क्रू वाटीत काढून ठेवा. तारा जुन्या असतील तर आधी नव्या आणा, आणि यापुढं जो गेज वापरणार तोच आणा. गेज बदलला की अख्खा तोल बदलतो.

तारा सैल करा. पाच स्प्रिंगा असतील तर दोन कमी करून मधली आणि कडेच्या दोन ठेवा. पकडीनं हूक सोडवताना चष्मा लावा; स्प्रिंग सटकली तर डोळ्याकडं येते. दहा गेजच्या तारांना तीन पुरल्या नाहीत, तर चौथी लावायची.

तारा सैल आहेत तोवरच पुढचे सहा स्क्रू बघा. कडेचे दोन ब्रिजच्या पत्र्याला जेमतेम टेकतील एवढे ठेवा, ते बिजागरीचं काम करतील. मधले चार किंचित वर घ्या. तुमच्या गिटारला सहाऐवजी दोनच जाड खुंट्या असतील, तर तारा ताणलेल्या असताना त्या फिरवू नका. ब्रिजची धार झिजते.

आता तारा ट्यून करा. इथं बरेच जण वैतागतात. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, कारण ब्रिज तेवढा पुढं सरकतो. नर्सी नामदेवच्या वाटेवरच्या कुठल्याही गावात सप्ताहाला पखवाज लागताना बघितलाय ना? पखवाजी एका बाजूला गट्टा ठोकतो, लगेच थाप मारून बाकीचा सूर ऐकतो, पुन्हा ठोकतो. एका फेरीत पखवाज सुरात येत नाही आणि हा ब्रिजही येत नाही. चार-पाच फेऱ्या धरूनच चला.

सगळ्या तारा सुरात आल्या की ब्रिजची मागची कड बघा. ती बॉडीपासून साधारण ३ मिलिमीटर वर हवी. मोजपट्टी नको, चार एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की साधारण तेवढीच जाडी होते. कड जास्त वर असेल तर क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा. खाली टेकली असेल तर तेवढेच सैल करा. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा ट्यूनिंग, मगच पुढचा फेरा. घाई केली की आपण नेमके कुठं आहोत तेच कळेनासं होतं.

दांडी मऊ झाली, पण सोडल्यावर सूर जागेवर येत नाही? मग बहुधा तार नटच्या खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. शेवटी बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तार दाबून ट्यूनरवर तपासा, कारण ब्रिजची उंची बदलली की तिथला सूरही थोडा सरकतो.

एवढं करूनही दांडी कडकच राहिली, आटे गेलेले दिसले किंवा ब्रिजचा पत्रा वाकलेला असला, तर कारागीर गाठायचा. पण तेव्हा "दांडी हलत नाही" एवढंच सांगायची वेळ येणार नाही. कुठला गेज, किती स्प्रिंगा, क्लॉ कुठवर आवळलाय, हे तुम्हीच सांगाल. त्यालाही काम सोपं आणि तुम्हालाही नको ते पार्ट विकले जाणार नाहीत.

झाकण परत लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तीन गोष्टी लिहून ठेवा: तारांचा गेज, स्प्रिंगांची संख्या आणि तारीख. मग जी तार मोकळी छेडा, दांडी खाली दाबा, सोडा आणि ट्यूनरकडं बघा. काटा मधोमध परत आला, की तालमीला निघा.