धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?
मानसिक प्रथमोपचाराची ओळख



पूर ओसरला की पंचनामा होतो. भिंत पडली का, जनावरं किती गेली, शेतातली माती किती खरवडली, सगळं लिहून घेतात. ते गरजेचंच आहे. पण जिने रात्रभर पत्र्यावर बसून पाणी चढताना पाहिलं, तिच्या मनाचं काय झालं, ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचतात त्या शेजारच्या बाया, म्हणजे आपणच. म्हणून मानसिक प्रथमोपचार आपल्याला यायला हवा.

किल्लारीचा भूकंप (१९९३), माळीणची दरड (२०१४), कोल्हापूर-सांगलीचा महापूर (२०१९), इर्शाळवाडी (२०२३) ही मोठी संकटं सगळ्यांना आठवतात. पण अपघात, आग, घरातली आत्महत्या, मारहाण हीसुद्धा त्या घरापुरती तेवढीच मोठी संकटं असतात.

हे काय आहे, काय नाही

बोट कापलं तर आपण रक्त थांबवतो, पट्टी बांधतो आणि गरज असेल तर दवाखान्यात नेतो. टाके आपण घालत नाही. मनाचंही तसंच. हा उपचार नाही, समुपदेशनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली याची पुस्तिका काढली. तिच्यातल्या तीन पायऱ्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत: पाहा, ऐका, जोडा.

१. पाहा. आधी जागा सुरक्षित आहे का ते बघा. पडकी भिंत, तुटलेली तार, वाढतं पाणी असेल तर आधी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. मग कुणाला तातडीची गरज आहे ते बघा: जखमी, गरोदर, ओली बाळंतीण, एकटी म्हातारी माणसं, आईबापांपासून चुकलेली मुलं. कुणाची वाचा बसली आहे का, कुणी थरथरतंय का?

२. ऐका. जवळ बसा, पाणी द्या, नाव घेऊन हळू आवाजात विचारा, “आत्ता तुम्हाला काय हवंय?” ती बोलली तर ऐका. गप्प राहिली तर तुम्हीही गप्प बसा.

इथेच आपली मोठी गल्लत होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, “कसं झालं गं? सगळं सांग, म्हणजे मन हलकं होईल.” दिवसातून दहा वेळा तीच हकीकत सांगताना त्या बाईला दहा वेळा त्यातून जावं लागतं. संकटानंतर लगेच सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो, असं अभ्यासकांना दिसून आलं आहे. मनाचा पंचनामा करायचा नाही. बोलायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

हे बोलू नका:
- “रडू नको, लेकरांकडे बघ.”
- “नशिबातच होतं.”
- “तिचं तर सगळंच गेलं, तुझं निदान घर तरी राहिलं.”
- “सगळं ठीक होईल.” (आपल्या हातात नाही, ते कबूल करू नका.)

हे बोला:
- “मी इथेच बसते.”
- “तुमच्यावर खूप मोठा प्रसंग आला.”
- “असं वाटणं साहजिक आहे.”

३. जोडा. तिला तिच्या माणसांशी आणि मदतीशी जोडून द्या. माहेरी फोन लावून द्या, रेशनची, कागदपत्रांची, पंचनाम्याची खरी माहिती मिळवून द्या. अफवा सांगू नका. निर्णय मात्र तिचा तिलाच घेऊ द्या.

गटाच्या बायांनी विशेष जपायचं

आपण शेजारीण असतो, तशाच हप्ता मागणाऱ्याही असतो. धीर द्यायला जाताना रजिस्टर घेऊन जाऊ नका. नाहीतर दार वाजलं की तिला आधी हप्ताच आठवेल. हप्ता पुढे ढकलायचा का, ते गटाने बैठकीत ठरवावं आणि तिला स्पष्ट कळवावं. तिने सांगितलेली गोष्ट बैठकीत किंवा पाणवठ्यावर जाता कामा नये.

पुढे कधी न्यायचं

झोप न लागणं, दचकणं, छाती धडधडणं, पुन्हा घरात झोपायची भीती वाटणं हे संकटानंतर साहजिक आहे. आपल्या माणसांच्या आधाराने बहुतेकजण हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही खाणंपिणं, कामधंदा सुटलेलाच असेल, दारू वाढली असेल, तर आशाताईंना सांगून सरकारी दवाखान्यात न्या.

“आता जगून काय करू?” असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ही गोष्ट मात्र मनात ठेवायची नाही. घरच्या भरवशाच्या माणसाला सांगा, तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि लगेच दवाखान्याची मदत घ्या.

हे नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:
- टेलि-मानस (मनाच्या त्रासासाठी, मोफत, २४ तास, मराठीतही): १४४१६
- महिला हेल्पलाईन: १८१
- मुलांसाठी: १०९८
- तातडीची मदत: ११२

आणि आपलं स्वतःचं?

दुसऱ्याचं दुःख ऐकून आपलीही झोप उडते. शक्यतो दोघी मिळून जा. परतल्यावर एकमेकींना “तू बरी आहेस ना?” असं विचारा. जिच्या स्वतःच्या घरावर तोच प्रसंग आला आहे, तिच्यावर ही जबाबदारी टाकू नका.

पुढच्या बैठकीत करून बघा

दोघीदोघींच्या जोड्या करा. एकीने पाच मिनिटं आपली एखादी छोटी अडचण सांगायची, दुसरीने सल्ला न देता फक्त ऐकायचं. मग अदलाबदल. पाच मिनिटं गप्प राहून ऐकणं किती अवघड आहे ते तेव्हाच कळतं. हे प्रशिक्षण एका दिवसात होऊ शकतं. ग्रामसंघाने ठराव करून जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे त्याची मागणी करावी आणि प्रत्येक गटातून दोघींची नावं द्यावीत. पाऊस सुरू व्हायच्या आधी हे झालं तर उत्तम.