मूत्रपिंडातली गाठ : सीटी स्कॅन काय सांगतो, काय नाही

नागपूरचा उन्हाळा आणि मुतखडा यांचे नाते जुने आहे. घाम जास्त जातो, पाणी कमी पडते, मग एखाद्या दिवशी कुशीत कळ येते आणि रुग्ण सोनोग्राफीच्या टेबलावर पोहोचतो. खडा सापडतो किंवा सापडत नाही. पण कधीकधी अहवालात एक अनपेक्षित ओळ असते : 'उजव्या मूत्रपिंडात तीन सेंटिमीटरची गाठ, सीटी स्कॅन करून घ्यावा.' मूत्रपिंडाचा कर्करोग आज बऱ्याचदा असाच, दुसरेच काही शोधताना सापडतो. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र घेऊन येणारे रुग्ण आता थोडेच.

अशी ओळ वाचली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कॅन्सर आहे का?' डॉक्टरांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो : 'असलाच, तर कोणत्या प्रकारचा?' पूर्ण मूत्रपिंड काढायचे, फक्त गाठ काढायची की काही काळ लक्ष ठेवायचे, हे ठरवताना या दुसऱ्या प्रश्नालाही वजन असते.

नाव एक, आजार अनेक

प्रौढांमध्ये दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात दहापैकी साधारण सात रुग्णांना 'क्लिअर सेल' प्रकार असतो. त्यानंतर 'पॅपिलरी' हा 10 ते 15 टक्के आणि 'क्रोमोफोब' हा सुमारे 5 टक्के. तिघांची वागणूक वेगळी. क्लिअर सेल शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता अधिक, तर क्रोमोफोब बहुधा सौम्य. पसरलेल्या आजारावरची अनेक नवी औषधे मुख्यतः क्लिअर सेलच्या रुग्णांवर तपासली गेली आहेत. शिवाय प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असेही नाही. चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते.

आकड्यांची भाषा

इंग्लंडमधले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन काढला. 1979 मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीच्या चित्रातील प्रत्येक ठिपक्याला जो आकडा असतो, तो हाउन्सफिल्ड यांच्याच नावाने ओळखला जातो. पाणी म्हणजे 0, हवा म्हणजे उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास आणि हाड कित्येक शेकड्यांत.

मूत्रपिंडाच्या गाठीचा स्कॅन टप्प्याटप्प्याने करतात. आधी साधा. मग हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य, म्हणजे 'कॉन्ट्रास्ट', देतात. त्या वेळी अंगातून गरम लहर गेल्यासारखे वाटते. त्यानंतर साधारण 30 ते 40 सेकंदांनी एकदा, सुमारे 100 सेकंदांनी पुन्हा आणि गरज असेल तर काही मिनिटांनी आणखी एकदा चित्रे घेतात. गाठ किती उजळते, किती लवकर उजळते आणि किती लवकर मावळते, यावरून रेडिओलॉजिस्ट अंदाज बांधतो.

क्लिअर सेल गाठ पहिल्या टप्प्यात झळाळून उठते आणि पुढच्या टप्प्यात फिकी पडते. कारण तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. या प्रकारात बहुतेक वेळा 'व्हीएचएल' नावाचे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे प्राणवायू पुरेसा असूनही पेशीला तो कमी पडल्याचा भास होतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. प्राणवायूची कमतरता पेशी कशी ओळखतात हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना 2019 चे नोबेल मिळाले.

पॅपिलरी गाठीत रक्तपुरवठा कमी. ती हळू आणि थोडीच उजळते. इतकी थोडी, की घाईत पाहिले तर पाण्याची साधी पुटी वाटावी. क्रोमोफोब या दोघांच्या मध्ये असते. आणि साध्या स्कॅनमध्येच गाठीत उणे आकड्याची चरबी स्पष्ट दिसली, तर ती बहुधा 'अँजिओमायोलायपोमा' ही निरुपद्रवी गाठ असते. तेवढ्या एका आकड्याने एखाद्याची शस्त्रक्रिया टळू शकते.

जिथे सीटी अडतो

पण हा अंदाज आहे, निकाल नव्हे. 'ऑन्कोसायटोमा' ही निरुपद्रवी गाठ सीटीवर क्रोमोफोबसारखी दिसते, कधी क्लिअर सेलसारखीही. काही अँजिओमायोलायपोमात चरबी इतकी कमी असते की ती दिसतच नाही. गाठ एक-दीड सेंटिमीटरची असेल तर आकडेही डळमळतात. अशा वेळी एमआरआय किंवा सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, करावी लागते. अंतिम शब्द सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचाच. संगणकाला हजारो स्कॅन दाखवून हे प्रकार ओळखायला शिकवण्याचे काम जगभर सुरू आहे. मात्र एका यंत्राच्या चित्रांवर शिकलेला संगणक दुसऱ्या यंत्राच्या चित्रांवर चुकू शकतो.

रुग्णाने काय करावे?

मेडिकल, मेयो, एम्स, तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. नागपुरात गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. एक चुकीचा स्कॅन म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक फेरी, आणखी एक बुडालेली मजुरी. म्हणून काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

मुतखड्यासाठी काढलेला सीटी साधा, कॉन्ट्रास्टशिवाय असतो. त्यात गाठ दिसली तरी तिचा प्रकार सहसा कळत नाही. 'स्कॅन तर झाला, पुन्हा कशाला?' ही शंका स्वाभाविक आहे, पण दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत. चिठ्ठीवर 'मूत्रपिंडातील गाठीसाठी कॉन्ट्रास्ट सीटी, सर्व टप्पे' असे स्पष्ट लिहून घ्यावे.

त्याआधी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगावे. फक्त कागदी अहवालावर न थांबता स्कॅनची सीडी मागून घ्यावी आणि जपावी. गाठ वाढते आहे का, हे जुन्या चित्रांशी ताडूनच कळते.

आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी सर्जनला तीन प्रश्न विचारावेत : गाठ निरुपद्रवी असण्याची शक्यता किती? बायोप्सीने निर्णय बदलेल का? फक्त गाठ काढून मूत्रपिंड वाचवता येईल का? चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, शक्य असेल तिथे, मूत्रपिंड वाचवण्यालाच आज प्राधान्य दिले जाते. वयस्क, इतर आजार असलेल्या रुग्णाची छोटी गाठ नियमित स्कॅन करून नुसती नजरेखाली ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. मधुमेह आणि रक्तदाब ज्या घरात आहेत, तिथे पुढे डायलिसिसची वेळ न येण्यासाठी वाचलेले प्रत्येक मूत्रपिंड मोलाचे असते.

तंबाखूचा धूर, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब हे या कर्करोगाचे ठाऊक असलेले धोके. लघवीत एकदाही रक्त दिसले, दुखत नसले तरीही, 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून देऊ नये.