भिलाई दर्शन: आठ तास, ऐंशी किलोमीटर

मुंबई-हावडा गाडी रायपूरच्या अलीकडे आली की खिडकीबाहेर एक कारखाना सुरू होतो आणि संपतच नाही. धुराडी, पाईप, शेड, पुन्हा धुराडी. वरच्या बर्थवरून कुणीतरी "भिलाई आलं" म्हणतं आणि कूस बदलतं. बहुतेक मराठी माणसांचं भिलाईदर्शन इतक्यावरच आटोपतं. ताजमहाल नाही, समुद्र नाही, थंड हवा तर मुळीच नाही, मग उतरायचं कशाला?

उतरायचं ते गाडी करून फिरायला. दुर्ग स्टेशनवरून किंवा रायपूर विमानतळावरून गाडी सहज मिळते, आणि ट्रॅव्हल्सवाल्यांचा हिशोब नागपूर-पुण्यासारखाच: आठ तास, ऐंशी किलोमीटर, पुढे तासाचे वेगळे, किलोमीटरचे वेगळे. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता यांचं आधीच बोलून घ्या. एक अट मात्र अडून घाला. ड्रायव्हर भिलाईतच वाढलेला हवा. बीएसपीच्या, म्हणजे भिलाई स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. कारण या गावात बघण्यासारखं जे आहे, त्यातल्या निम्म्या गोष्टींवर पाटीच नाही. त्या फक्त ऐकायला मिळतात. 'सीजी ०७' नंबरची गाडी आली की समजा माणूस दुर्ग जिल्ह्याचा आहे. त्याला भैया म्हणा, पुढच्या सीटवर बसा आणि काच खाली करा.

नागपूरच्या राज्यातलं गाव

सोव्हिएत रशियाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी होती नागपूर! भोपाळ चित्रात आलं १ नोव्हेंबर १९५६ला. म्हणजे भिलाईचा पाळणा हलला तेव्हा विदर्भातला माणूस आणि इथला माणूस एकाच राज्याचे रहिवासी होते. त्याआधी दोनशे वर्षं मागे गेलं तर नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली ती १७४१मध्ये, आणि तिचा तळ होता भिलाईला खेटून असलेल्या दुर्गमध्ये. नागपूरकरांनी इथे पाहुण्यासारखं अवघडून बसायचं कारण नाही.

एका दिवसाने हुकलेला मान

पन्नाशीच्या दशकात सरकारने तीन पोलाद कारखाने एकदम काढले आणि तीन देशांना कामाला लावलं. भिलाई रशियाकडे, राउरकेला जर्मनांकडे, दुर्गापूर इंग्रजांकडे. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे कोणाची भट्टी आधी पेटते याकडे सगळ्या जगाचं लक्ष. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी राउरकेलाची पहिली झोतभट्टी सुरू केली ३ फेब्रुवारी १९५९ला, आणि भिलाईची ४ फेब्रुवारीला. फरक एका दिवसाचा! दुर्गापूर त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलं. ही तारखांची गोष्ट भिलाईकरासमोर जरा बेतानेच काढा.

सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची. आताचा विस्तार सत्तर लाख टनांचा, तो २०१८मध्ये देशाला अर्पण झाला. त्यातल्या आठव्या झोतभट्टीचं पोट ४,०६० घनमीटर, आणि नाव महामाया. ही रतनपूरची देवी. त्याच रतनपुरात बसून बिंबाजी भोसल्यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. हे ड्रायव्हरला सांगून बघा, गप्पा वेगळ्याच वळणावर जातात.

मुंबईच्या लोकलएवढा एक रूळ

आता भिलाईचं खरं वैभव. तुम्ही आयुष्यात जितका रेल्वे प्रवास केला असेल, त्यातला बराचसा भिलाईच्या रुळांवरून झाला आहे. अनेक दशकं भारतीय रेल्वे रुळांसाठी याच कारखान्याच्या तोंडाकडे बघत होती.

पूर्वी इथून निघणारा रूळ असायचा १३ मीटरचा. एक किलोमीटर मार्गाला दोन्ही बाजू धरून दीडशेहून जास्त तुकडे, आणि जिथे तुकडा संपला तिथे सांधा. लहानपणी झोपेत ऐकलेलं ते खडाक-खडाक म्हणजे हेच सांधे. त्यावरून गाडीचा वेग काढायची एक युक्ती आहे. घड्याळात ४७ सेकंद मोजायचे आणि तेवढ्यात किती 'खडाक' झाले ते मोजायचं. साठ झाले तर वेग ताशी साठ किलोमीटर! १३ मीटरच्या रुळाला हे गणित तंतोतंत बसतं, आणि ज्यांना विश्वास नाही त्यांनी कागदावर करून पाहावं.

आता ते गणित फसतं, कारण भिलाईच्या नव्या रूळ गिरणीतून अखंड १३० मीटरचा रूळ निघतो. असे दोन रूळ कारखान्यातच जोडून २६० मीटरची एक पट्टी करतात. बारा डब्यांची मुंबईची लोकल साधारण एवढीच लांब असते. ठाण्याच्या फलाटावर एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका, की एका रुळाचा अंदाज येईल. मीटरमागे साठ किलो वजन धरलं तर एक पट्टी भरते साडेपंधरा टनांच्या वर. सगळ्यांना पडणारा प्रश्न: हे धूड नेतात कसं? एकापुढे एक जोडलेल्या कित्येक वाघिणींवर आडवं टाकून. मालगाडी वळली की एवढा जाड रूळही तिच्यासोबत वेताच्या छडीसारखा वाकतो, आणि वळण संपलं की पुन्हा सरळ. पोलादाला कडक समजणाऱ्यांनी हे दृश्य एकदा बघावंच. ड्रायव्हरला सांगून ठेवा, फाटकावर असा रेक दिसला तर गाडी थांबव.

रुळांवरच थांबू नका. आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजासाठी सेल या सरकारी पोलाद कंपनीने तीस हजार टन खास पोलाद दिलं, त्यातही भिलाईचा वाटा आहे.

आत सोडतात का?

नाही. निदान गाडी घेऊन थेट गेटवर गेलात तर नाहीच. कारखान्यात जायला आधी रीतसर परवानगी लागते, आणि ती एखाद्या संस्थेच्या किंवा कॉलेजच्या पत्रावर मागितलेली बरी. एरवी बाहेरूनच फेरी मारायची. पाळ्या सुटतात सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला. त्या वेळी गेटाजवळच्या रस्त्यांवर दुचाकींचा लोंढा उतरतो, तेव्हा गाडी तिकडे घालूच नये. जुने भिलाईकर एक आठवण हमखास सांगतात: रात्री तापलेली मळी ओतली की आकाश तांबूस व्हायचं आणि अंगणातलं तुळशीवृंदावनही लखलखायचं. मळी म्हणजे उसाची नव्हे बरं, लोखंडाची!

कच्चा माल कुठून येतो, हेही ड्रायव्हरला विचारा. लोहखनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहरा खाणींतून, चुनखडी जवळच्या नंदिनीतून. पाण्यासाठी तांदुळा धरण, इंग्रजांच्या काळातलं. एक दिवस हाताशी जास्त असेल तर दल्ली-राजहराकडे गाडी वळवावी. तिथली लाल धूळ बुटांवरून लवकर उतरत नाही.

पट्टीने आखलेलं गाव

टाउनशिपमध्ये शिरलात की भारतातल्या गावांची सवय झालेले डोळे गोंधळतात. रस्ते सरळ, झाडं रांगेत, चौक काटकोनात. पत्ता सांगायची तऱ्हा अशी: सेक्टर सात, सडक बारा, क्वार्टर पाच-बी. 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी' असल्या खुणांची इथे गरज नाही. तरीही माणसं ऐकतात थोडीच! चौकांना त्यांनी आपली नावं ठेवलीच: एक ग्लोब चौक, एक चक्क मुर्गा चौक.

कारखान्याने देशभरातून माणसं आणली, आणि प्रत्येकाने आपला देव सोबत आणला. त्यामुळे बंगाल्यांची कालीबाडी, मल्याळी मंडळींचा अय्यप्पा, तेलुगूंचा बालाजी, उडियांचा जगन्नाथ हे सगळे एका गाडीफेरीत होतात. सेक्टर सहामधली जामा मशीद मात्र थांबून पाहा. तिची बांधणी 'या अल्लाहू' या अरबी अक्षरांच्या आकारात आहे असं इथले लोक सांगतात. ड्रायव्हर बोटाने हवेत अक्षर काढून दाखवतो, आणि मग ते दिसायला लागतं.

सिव्हिक सेंटरमध्ये कृष्णार्जुनाचा रथ आणि नेहरू आर्ट गॅलरी. भूक लागली तर भिलाई निवासमधलं इंडियन कॉफी हाऊस. हे वेटरांच्या, स्वयंपाक्यांच्याच सहकारी सोसायटीचं. डोसा आणि फिल्टर कॉफी मागवा. छत्तीसगडी चव हवी असेल तर कुठल्याही चांगल्या नाश्त्याच्या गाड्यावर चीला आणि फरा विचारा. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, तुमच्या घरच्यापेक्षा जरा जाडच.

निळ्या डोळ्यांचे वाघ

पोरं सोबत असतील तर मैत्री बाग टाळता येणार नाही. भारत-सोव्हिएत दोस्तीची आठवण म्हणून १९७२मध्ये केलेली बाग, आणि ती सांभाळतो कारखाना! पोलाद गाळणाऱ्यांच्या हिशोबवहीत वाघांच्या मटणाचं पान असतं, ही मला भिलाईतली सर्वांत गमतीची बाब वाटते. इथल्या पांढऱ्या वाघांचा वंश ओडिशातल्या नंदनकाननहून आलेला. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. तो आपला नेहमीचाच वाघ, आईबाप दोघांकडून एक दबका गुण आल्यामुळे रंग उडालेला आणि डोळे निळे झालेला. तळं आहे, छोटी आगगाडी आहे, संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं आहे. सुट्टीचा वार कोणता, ते निघण्याआधी ड्रायव्हरलाच विचारा.

कळस नसलेलं देऊळ

भिलाईचं वय सत्तरीच्या आसपास, असं म्हणून मोकळे होऊ नका. शेजारच्या चरोद्याकडे गाडी न्या, रेल्वेमार्गाजवळ देवबलोदाचं महादेवाचं देऊळ आहे. कलचुरी राजांच्या काळातलं, तेराव्या शतकाच्या सुमाराचं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. भिंतींवर हत्तींच्या रांगा, शिकारी, नाचणारी माणसं. शेजारी पायऱ्यांचं कुंड. आणि माथ्यावर कळस नाही.

का नाही, याची गोष्ट ड्रायव्हरकडूनच ऐकावी. सहा महिन्यांची एक रात्र होती म्हणे. कारागीर विवस्त्र होऊन कामात बुडालेला. बायको रोज जेवण घेऊन यायची. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. देवळाच्या माथ्यावर चढलेल्या त्याने दुरून तिला पाहिलं, लाजेने वरूनच कुंडात उडी टाकली, आणि निघाला थेट आरंगला. बहिणीनेही जवळच्या तळ्यात जीव दिला. आरंग तर रायपूरच्याही पलीकडे! कुंडाच्या तळाशी भुयार आहे, हे सांगताना ड्रायव्हरचा आवाज आपोआप खाली येतो. शंका काढू नये, गोष्ट पुरी होऊ द्यावी. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा आडोशाला गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

तंबोऱ्याची गदा

भिलाईजवळच्या गनियारी गावची एक पारधी समाजाची मुलगी आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकत मोठी झाली. पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, बायकांनी गायची तर बसून, अशी रीत. ही उभी राहिली. हातातला मोरपिसांचा तंबोरा भीम आला की गदा, अर्जुन आला की धनुष्य. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम, बिदागी दहा रुपये. गाते म्हणून जातीने बाहेर काढलं, तर झोपडी बांधून राहिली. नाटककार हबीब तन्वीर यांची नजर पडली, श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मधून ती देशाच्या घराघरांत पोचली. तीजनबाई! २०१९मध्ये पद्मविभूषण. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला नोकरी दिली होती भिलाई स्टील प्लांटने. वाघ पाळणाऱ्या कारखान्याने पंडवानीही पाळली म्हणायची.

चालत्या गाडीतून

दिग्दर्शक अनुराग बसू भिलाईचे. ३० सप्टेंबर १९९७ला कराचीत साकलेन मुश्ताकला शेवटच्या षटकात षटकार ठोकणारा राजेश चौहान बीएसपीच्याच नोकरीतला. आयआयटी भिलाई २०१६मध्ये सुरू झाली ती रायपुरात. नाव भिलाईचं, सुरुवातीचे वर्ग रायपूरचे, आणि आता स्वतःचं आवार दुर्गजवळच्या कुटेलाभाठ्यात. गावातून जाणाऱ्या हमरस्त्याला सगळे जीई रोड म्हणतात, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. तोच सोडला नाही तर एका टोकाला नागपूर, दुसऱ्या टोकाला कोलकाता.

पॉवर हाऊसच्या भागातून जाताना ड्रायव्हर गप्प झाला तर समजून घ्या. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ला याच शहरात झोपेत खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला रुळांवर बसलेल्या कामगारांवर पॉवर हाऊस स्टेशनात पोलिसांनी गोळीबार केला. पोलादाच्या गावाची ही बाजू कुठल्याही पॅकेजात नसते. विचारलंत तर सांगणारे भेटतात.

शेवटचं, पण गाडी चुकवणारं

क्रम असा ठेवा: ऊन चढायच्या आत देवबलोदा, मग टाउनशिप, दोनच्या पाळीची गर्दी ओसरेपर्यंत कॉफी हाऊस, चारनंतर मैत्री बाग. आणि परतीच्या वेळी ड्रायव्हरला "स्टेशनवर सोड" एवढंच सांगू नका. या पट्ट्यात स्टेशनं चार: भिलाई, भिलाई पॉवर हाऊस, भिलाई नगर आणि दुर्ग. नागपूरची वंदे भारत थांबते ती दुर्गला. 'भिलाई' म्हणालात तर तो मुकाट्याने चरोद्याच्या बाजूला नेऊन सोडेल, आणि चूक त्याची नसेल.