आरसा गेला, वजन राहिले

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेने मागच्या महिन्यात विचारले, "हल्लीचे ते बिनआरशाचे कॅमेरे छोटे असतात म्हणे. सहलीला, घरगुती कार्याला नेता येईल असा एखादा सुचवा ना. पण फोन असताना तो घ्यावा का, हेही सांगा." प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर दुकानदारही देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र थोडे भौतिकशास्त्र हाताशी घेतल्याशिवाय नीट देता येत नाही.

हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो, त्याला कारण आहे. २०१९ च्या मे महिन्यात मी दापोली तालुक्यात आजोळी गेलो होतो. माजघरात आजी जात्यावर तांदळाची पिठी काढत होती. उजेड म्हणाल तर छपरातल्या एका काचेच्या कौलातून येईल तेवढाच. माझा आरशाचा कॅमेरा भिंगासह पावणेदोन किलो वजनाचा होता आणि वजनाचा कंटाळा करून मी तो पुण्यालाच कपाटात ठेवून आलो होतो. फोनने दहा-बारा चित्रे काढली. जाते स्वच्छ आले, भिंत स्वच्छ आली. आजीचे फिरणारे हात मात्र ओल्या रंगावर बोट फिरवावे तसे फरकटलेले. पुढे ते घर उतरवले. आजीही आता नाही. चूक फोनची नव्हती, हे मला नंतर हिशेब मांडल्यावर कळले. तो हिशेब असा.

आधी आरशाचे पाहू. आरशाच्या, म्हणजे रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर जातो आणि पंचकोनी लोलकातून वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटन दाबले की आरसा 'खट्' करून वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक आला, एवढाच फरक. या आरशाला हलायला जागा हवी. म्हणून निकॉनच्या जुन्या एफ बैठकीत भिंगाची बैठक आणि फिल्म यांत ४६.५ मिमी, तर कॅननच्या ईएफ बैठकीत ४४ मिमी अंतर ठेवलेले असे.

आता वर्गातले बहिर्गोल भिंग घेऊन खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडा. भिंग आणि भिंत यांतले अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतरच. मग २४ मिमी नाभीय अंतराचे साधे भिंग फिल्मपासून २४ मिमीवर असायला हवे. पण मध्ये आरसा आहे! यावर उपाय म्हणून विस्तृत दृश्याच्या भिंगांत पुढे अंतर्गोल भिंगांचा गट घालून प्रतिमा मागे ढकलावी लागे. काच वाढली, वजन वाढले.

संवेदकावरची प्रतिमा सतत वाचून ती छोट्या पडद्यावर दाखवता येऊ लागली, तशी आरशाची गरज संपली. २००८ साली ऑलिम्पस आणि पॅनासोनिक यांनी 'मायक्रो फोर थर्ड्स' ही बिनआरशाची पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासोनिकचा जी-१ हा कॅमेरा आला. जुन्या फिल्मएवढ्या, म्हणजे ३६ × २४ मिमी संवेदकाचा सोनीचा ए-७ आला २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन हेही त्या आकारात उतरले. बैठकीचे अंतर सोनीच्या ई पद्धतीत १८ मिमी, निकॉनच्या झेडमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफमध्ये २० मिमी इतके खाली आले.

म्हणजे कॅमेरा छोटा झाला? त्याची पेटी झाली. पूर्ण आकाराच्या संवेदकाचा बिनआरशाचा कॅमेरा साडेसहाशे-सातशे ग्रॅमचा असतो. पण त्याला २४ ते ७० मिमी, एफ/२.८ असे झूम भिंग लावा. ते एकटेच सातशे ते नऊशे ग्रॅम भरते. आरसा गेला, वजन भिंगात राहिले. भिंग एवढे मोठे का लागते, या प्रश्नातच फोनच्या प्रश्नाचेही उत्तर दडलेले आहे.

पावसाची भुरभुर सुरू झाली की एक प्रयोग करून पाहा. वर्तमानपत्राच्या पानावर पेन्सिलीने इंच-इंचाच्या चौकटी आखा, ते पान काही सेकंद पावसात धरा आणि आत घ्या. डाग वाळायच्या आत प्रत्येक चौकटीतले थेंब मोजा. सरासरी ४ थेंब पडले असतील, तर कुठे २, कुठे ६, क्वचित ८ सापडतील. पाऊस सगळीकडे सारखाच होता, तरी चौकटी सारख्या भरत नाहीत. असा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो: ४ ला २, म्हणजे निम्मा. आता त्याच पानावर ४ × ४ चौकटींचे मोठे चौरस धरून मोजा. सरासरी ६४, चढउतार ८, म्हणजे आठवा हिस्सा. पाऊस तोच आणि पानही तेच, पण मोठ्या चौरसाने तो जास्त खात्रीने मोजला.

प्रकाशही फोटॉनच्या थेंबांनी पडतो. मंद उजेडात काढलेल्या चित्रातली दाणेदार खरखर बहुतांशी या मोजणीतलीच असते. ती यंत्राची खोट नव्हे. ती कमी करायची तर जास्त फोटॉन गोळा करायला हवेत, आणि ते किती येणार हे ठरवते भिंगाचे तोंड. पागोळीखाली वाटी ठेवावी की परात, तसेच हे.

तोंड किती मोठे हे काढायला दुकानदाराची गरज नाही. भिंगावर दोन आकडे छापलेले असतात. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ७ मिमी आणि एफ-अंक १.८, व्यास ३.९ मिमी. तेवढेच दृश्य टिपायला एपीएस-सी आकाराच्या (सुमारे २३.५ × १५.६ मिमी) संवेदकापुढे १६ मिमीचे भिंग लागते, एफ/१.८ ला त्याचा व्यास ८.९ मिमी. व्यासांच्या वर्गांचे गुणोत्तर काढा: सुमारे पाच. तेवढ्याच वेळात पाचपट प्रकाश, आणि पावसाच्या हिशेबाने खरखर निम्म्याहूनही कमी. मायक्रो फोर थर्ड्सच्या १७.३ × १३ मिमी संवेदकाला १२ मिमीचे भिंग पुरते आणि प्रकाश तिप्पट मिळतो. पूर्ण आकाराला २४ मिमीचे लागते; तिथे तो साडेअकरापट.

आता गंमत पाहा. एपीएस-सी कॅमेऱ्याबरोबर पेटीत जे १६ ते ५० मिमीचे झूम भिंग मिळते, ते १६ मिमीला बहुधा एफ/३.५ असते. व्यास ४.६ मिमी! म्हणजे नवा कॅमेरा विकत घेऊन, तो गळ्यात अडकवून, विस्तृत दृश्यासाठी आपण फोनच्या जेमतेम १.४ पट प्रकाश मिळवला. "एवढे पैसे घातले, पण घरातले फोटो फोनसारखेच येतात" ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. दूरचे टिपताना मात्र तेच झूम भिंग कामाला येते. ५० मिमी, एफ/५.६ ला व्यास पुन्हा ८.९ मिमी होतो. फोनने मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कातरून मोठे केले तरी त्याचे तोंड ३.९ मिमीच राहते.

फोन यावर एक हुशारी करतो. तो एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती जुळवून त्यांची बेरीज करतो. वाटी लहान, पण ती जास्त वेळ पागोळीखाली धरली. स्थिर वस्तूंसाठी हे उत्तम चालते, म्हणून माझ्या चित्रात जाते आणि भिंत स्वच्छ आली. हात मात्र दोन चित्रांच्या मधल्या वेळात पुढे गेलेले असतात; त्यांची बेरीज कशी जुळणार? तेव्हा उन्हातली सहल, फळ्यावरचे लिखाण, कासच्या पठारावरची फुले यांसाठी फोन पुरे आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. वेगळा कॅमेरा हवा तो मंद उजेडात हलणाऱ्या माणसांसाठी आणि दूरच्या गोष्टींसाठी.

पण मग सर्वांत मोठ्या तोंडाचेच भिंग का घेऊ नये? एक तर वजन. दुसरे, तोंड मोठे झाले की खोलीतला स्पष्ट पट्टा अरुंद होतो: वर्गाच्या चित्रात पहिली रांग स्पष्ट, तिसरी धूसर. वजनाची परीक्षा घरी करता येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. खरेदीपूर्वी रोजच्या पिशवीत एक लिटरची भरलेली बाटली टाकून आठवडाभर हिंडा. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या लिटरची. कोणत्या दिवशी बाटली घरी ठेवावीशी वाटली, त्याची नोंद करा. मी ही परीक्षा २०१९ नंतर केली आणि एक लिटरच्या बाटलीने तिसऱ्याच दिवशी मला हरवले.

अर्ध्या लिटरच्या आत बसणारी जोडी म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅमची पेटी आणि झूम नसलेले, शंभर ग्रॅमच्या आसपासचे चपटे भिंग. मायक्रो फोर थर्ड्समधले पॅनासोनिकचे २० मिमी, एफ/१.७ हे भिंग अशाच वजनाचे आहे. त्याचा व्यास भागून काढा, जवळजवळ १२ मिमी येतो. तशीच भिंगे एपीएस-सी पद्धतींतही आहेत. मी अशीच एक जोडी वापरलेल्या मालातून घेतली. झूम नाही, म्हणून पायांनी पुढे-मागे व्हावे लागते; दूरचा पक्षी मी सोडून देतो.

दुकानात आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. डोळ्याला लावायचे दृश्यदर्शक असावे, कारण भर उन्हात पाठीवरच्या पडद्यावर काही दिसत नाही. संवेदक सतत चालू असल्याने बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दुसरी बॅटरी किमतीत धरूनच हिशेब करा. आणि कॅमेरा निःशब्द शटरवर ठेवून दुकानातल्याच एलईडी दिव्याखाली एक चित्र काढा. त्या वेळी संवेदक ओळीओळीने वाचला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले की पट्टे बहुधा जातात. विद्यार्थ्यांना लुकलुक दाखवायला हे पट्टेच उत्तम साधन आहे, ही गोष्ट वेगळी.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याची तयारी खरेदीच्या दिवशीच करावी. दमट हवेत भिंगाच्या काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि ती काचेवरचा लेपही खाते. कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात नारिंगी रंगाचे सिलिका जेल आणि जमल्यास शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून कोरडे करावे आणि थंड झाल्यावर पुन्हा डब्यात टाकावे. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते. घरात लहान मुले असतील तर ते आणू नये.