कवळाण्याचा मुलगा आणि बडोद्याचे ग्रंथालय



ग्रंथालयाचा इतिहास सांगताना बहुधा इमारत, देणग्या व ग्रंथसंख्या यांचाच उल्लेख होतो. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ते ग्रंथ वाचकाच्या हाती कसे पोहोचले? या प्रश्नाचे उत्तर बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इतिहासात सापडते. आणि त्या इतिहासाचा आरंभ आपल्याच जिल्ह्यात होतो.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ साली गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले व सयाजीराव झाले. तोपर्यंत त्यांस अक्षरओळख नव्हती. निरक्षरतेचा हा अनुभव असलेल्या राजाने १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

परंतु शाळा सोडल्यावर मुलास वाचावयास काहीच मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसली जातात. सक्तीवर झालेला खर्च व शिक्षकांचे श्रम मग व्यर्थ होतात. म्हणून शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवे, असा विचार पुढे आला. सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांसाठी खुले झाले. मुले व स्त्रिया यांच्या वाचनाची स्वतंत्र सोय करण्यात आली आणि ग्रंथपालांस शिक्षण देणारा वर्गही निघाला.

तथापि या कार्याचा खरा विस्तार खेड्यांत झाला. गावाने ग्रंथालयासाठी ठराविक रक्कम जमविल्यास तेवढीच रक्कम संस्थान देई व तेवढीच प्रांत पंचायत देई. त्यामुळे ग्रंथालय केवळ सरकारी न राहता गावाचे होई. जेथे एवढेही शक्य नव्हते, तेथे निवडक पुस्तकांची लाकडी पेटी पाठविली जाई. तिच्या नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. वाचकाने ग्रंथाकडे येण्याची वाट न पाहता ग्रंथच वाचकाकडे जात असे.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. परंतु दूरच्या वाडीवरील मुलास नाशिकला येणे सोपे नाही. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू करून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत पोहोचविल्या. तत्त्व बडोद्याच्या पेटीचेच आहे.

सिन्नर तालुक्यातील शाळांनीही हेच तत्त्व अंगीकारावे. पुस्तक फाटेल वा हरवेल या भीतीने कपाटास कुलूप राहते. पण हाताळून फाटलेले पुस्तक आपले काम करून गेलेले असते; कुलपात कसर लागलेल्या पुस्तकाने मात्र कोणाचेच भले होत नाही. आठवड्यातील एक दिवस देवघेवीसाठी ठरवावा. नोंदवही मोठ्या वर्गातील मुलांकडे सोपवावी. शाळा सोडून गेलेल्या मुलांसही पुस्तके द्यावीत. शेजारच्या शाळांनी सत्रागणिक आपापले संच बदलून घ्यावेत, म्हणजे नव्या खर्चावाचून नवी पुस्तके मिळतील.

बाराव्या वर्षापर्यंत अक्षरास पारखा राहिलेला एक मुलगा संधी मिळताच किती मोठे कार्य करू शकला! आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाला निदान पुस्तकाची संधी देणे आपल्या हाती आहे.