गळ, होडी आणि भरवसा

जयसिंगपूरहून सांगलीकडे निघाले की उदगाव मागे पडल्यावर कृष्णेवरचा अंकलीचा पूल लागतो. पावसाळा ओसरून पाणी निवळले की नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. कुणाच्या हाती बांबूची काठी आणि तंगूस, कुणाकडे रीळ बसवलेला रॉड. अलीकडे मोबाइलवर परदेशी मासेमार पाहून विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतात. त्या अरुंद, लांबोड्या होडीत, म्हणजे कयाकमध्ये, माणूस एकटा बसतो, तिथूनच गळ फेकतो, मोठा मासा ओढून घेतो. मग ती होडी उलटत कशी नाही? आणि पेटीभर सामानातून नेमके काय वापरायचे, हे त्याला कळते कसे?

या प्रश्नांच्या उत्तराला लागणारे विज्ञान बहुतेक सगळे शाळेच्याच पुस्तकांत आहे. मात्र ते तीन-चार वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असते. ते इथे एका होडीत बसवून पाहू. आमच्या भागात मासे न खाणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी माशाच्या जागी नुसते वजन धरले तरी पुढचे गणित बदलत नाही.

अमेरिकेत कयाकमधून ज्याचा पाठलाग होतो तो 'बास' हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि जवळून जाणाऱ्या माशावर, बेडकावर झडप घालायची, ही त्याची रीत. आपल्याकडे हेच काम मरळ मासा करतो. मरळ कल्ल्यांबरोबरच हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने त्याला वर यावेच लागते. जलपर्णीच्या कडेला पाणी हलके फुटले की जाणकार माणूस तिकडे बोट दाखवतो ते यामुळेच. काठावरून अशा जागेपर्यंत गळ पोचत नाही, चिखलात पाय रुततात; म्हणून छोट्या होडीचा मोह होतो.

आता होडीकडे वळू. पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे नेण्याची रीत या नदीकाठाला जुनी आहे. काहिलीचा तळ सपाट, आकार गोल. समजा तळाचा व्यास २ मीटर आहे. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर झाले. म्हणजे काहील एक सेंटिमीटर खाली गेली की जवळजवळ ३१ लिटर पाणी बाजूला सारते आणि आर्किमिडीजच्या नियमाने ३१ किलो वजन पेलते. साठ किलोचा माणूस बसला तर ती जेमतेम दोन सेंटिमीटर बुडेल. कडेला माणूस बसला तरी ती फारशी कलत नाही. पण वल्हे मारले की ती गरगर फिरते, कारण गोल वस्तूला पुढचे टोक असे नसतेच. कयाक याच्या नेमकी उलट. लांब आणि निमुळती असल्याने ती सरळ जाते, थोड्या ताकदीत पळते. पण आडवी कलायला तयार असते. आर्क्टिक भागातील इन्युइट लोकांनी ती बर्फाळ समुद्रात सील माशाच्या शिकारीसाठी घडवली (सील हा मासा नव्हे, सस्तन प्राणी, हे आपण विद्यार्थ्यांना सांगालच). तिथे वेग आणि सरळ चाल महत्त्वाची होती, ऐसपैस बसणे नव्हे.

कलण्याचा हिशेब रुंदीवर ठरतो, आणि तोही साधा नव्हे. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूची पाण्याची एक पाचर नव्याने दाबली जाते. दुसऱ्या बाजूची तेवढीच पाचर मोकळी होते. होडी रुंद असेल तर पाचर रुंद होते, शिवाय ती कडेला अधिक खोल जाते, आणि ती मध्यापासून लांबही असते. रुंदी अशी तीन वेळा कामाला येते. म्हणून लांबी आणि वजन तेच ठेवले तर होडीला सरळ करणारा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ७५ सेंटिमीटर रुंदीची कयाक ६० सेंटिमीटरची केली तर रुंदी फक्त एक पंचमांशाने घटली, पण ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे आधार जवळजवळ निम्मा झाला. शर्यतीची कयाक अरुंद आणि मासेमारीची रुंद का असते, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे. नवशिक्याने दुकानात होडीचा रंग पाहण्याआधी टेप लावून रुंदी पाहावी.

या आधाराशी भांडणारी दुसरी गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बैठकीपासून वीतभर वर असतो. तोच माणूस उभा राहिला की पावलांपासून मीटरभराच्या आसपास जातो. होडी तीच, पाणी तेच, माणूस तोच. तरी बसल्यावर स्थिर असलेली होडी उभे राहताच उलटू शकते. वर्गात हे दाखवायला बादलीभर पाणी आणि साबणाची डबी पुरे. डबीच्या मध्यभागी ओल्या मातीचा गोळा ठेवून ती तरंगवावी. मग त्याच मातीत पेन्सिल उभी रोवून थोडी थोडी माती पेन्सिलीच्या वरच्या टोकाकडे न्यावी. वजन एक ग्रॅमही वाढलेले नसते. एका उंचीपर्यंत डबी शांत राहते आणि त्यापुढे एका क्षणात आडवी होते. तो क्षण विद्यार्थ्यांनी पाहायलाच हवा, कारण धोक्याची सूचना देत देत होडी उलटत नाही. हा नुसता छंदाचा विषय नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत या भागाने महापूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला कधी घाईघाईने होडीत चढावे लागेल, हे सांगता येत नाही. होडीत खाली बसावे, मध्याकडे सरकावे, कुणाला पाहायला सगळ्यांनी एका कडेला जाऊ नये, हे कारणासकट माहीत असलेले बरे.

मग भरवसा यायचा कसा? कयाक शिकवणारे पहिल्या दिवशी वल्हे मारण्याबरोबर होडी मुद्दाम उलटवायलाही शिकवतात. पाण्यात पडायचे, होडी सुलटी करायची, तिच्यावर पोटावर आडवे पडून पाय मारत चढायचे, मग वळून बसायचे. हे पाच-सात वेळा जमले की भीतीचे रूपांतर माहितीत होते. विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. आता भोपळ्याच्या जागी जीवरक्षक जाकीट आले. माणसाच्या शरीराची घनता पाण्याइतकीच, किंचित कमी-जास्त असते. त्यामुळे तोंड पाण्याबाहेर ठेवायला थोडाच आधार लागतो. प्रौढाच्या साध्या जाकिटाने सुमारे ७ किलो वजनाइतके प्लावक बल मिळते, आणि ते पुरते. पण जाकीट होडीत पायाशी ठेवलेले असेल तर त्याचे बल होडीला मिळते, आपल्याला नाही! हा उलटण्याचा सराव मात्र पोहण्याच्या तलावात करावा, नदीत नव्हे. कृष्णेच्या आणि वारणेच्या पात्रात मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरकडच्या माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता सामान. रॉड ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. बुंधा पोटाला किंवा कोपराला टेकतो, तो टेकू. पुढचा हात बल लावतो. भार पार शेंड्याला. टेकूपासून हात ४० सेंटिमीटरवर आणि शेंडा २ मीटरवर असेल तर माशाने एक किलो वजनाइतके ओढले की हाताला पाच किलो लावावे लागतात. म्हणजे रॉड हे ताकद वाढवणारे यंत्र नाहीच. फायदा माशाचा आहे. मग रॉड कशाला? हाताची छोटी हालचाल शेंड्याला मोठी होते, म्हणून गळ लांब फेकला जातो. शिवाय रॉड वाकतो. वाकल्याने भाराची भुजा आखूड होते आणि माशाचा हिसका स्प्रिंगसारखा हळूहळू झेलला जातो. बसून गळ टाकणाऱ्याला साडेसहा-सात फुटांचा, आखूड मुठीचा रॉड सोयीचा. लांब मूठ जाकिटात अडकते.

तंगूस ताणते आणि हिसका सहन करते. विणलेली दोरी त्याच जाडीत बरीच मजबूत, पण जवळजवळ ताणतच नाही. उघड्या पाण्यात तंगूस बरी. जलपर्णीत मरळ घुसला की तिथे विणलेली दोरीच लागते, कारण मासा झाडोऱ्यासकट ओढायचा असतो. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ झर्रकन आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन त्याच जागी दुबळे होते, आणि दोरी तिथेच तुटते. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. दहा पौंडी, म्हणजे साडेचार किलोच्या दोरीला सव्वा-दीड किलो. हे अंदाजाने करण्याची गरज नाही, प्रयोगशाळेतला तानकाटा दोरीला अडकवून ओढला की आकडा मिळतो.

कयाकमध्ये आणखी एक ब्रेक आपोआप मिळतो. काठावरच्या माणसाचे पाय जमिनीत रोवलेले असतात. पाण्यावर तसे काही नसते. मासा होडीला ओढतो तेव्हा होडी त्याच्याकडे जाते. माणूस आणि होडी मिळून ९० किलो धरले आणि माशाची ओढ १० न्यूटन, तर त्वरण सेकंदाला सेकंदाला ११ सेंटिमीटर. पाण्याचा विरोध सोडला तर पाच सेकंदांत होडी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने माशामागे निघालेली असते. त्यामुळे दोरीवरचा हिसका कमी होतो. मात्र ओढ होडीच्या टोकाच्या दिशेने राहू द्यावी. आडवी ओढ होडीला कलवते, आणि मघाचा घनाचा हिशेब तिथे आठवावा लागतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. एकट्या माणसाच्या बोटात गळ रुतला तर तो सहज निघावा, हे त्याचे कारण. मासा सोडायचा असेल तर त्यालाही ते बरे.

आमिषांबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात, आणि तिथेच विज्ञान सर्वांत कमी वापरले जाते. गांडूळ, कणीक यांची जागा घेणारी खोटी आमिषे, म्हणजे रबरी बेडूक, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे मासे, शेकडो प्रकारांत मिळतात. नवशिक्या पाच वेळा फेकतो, काही लागत नाही, आमिष बदलतो. पुन्हा पाच वेळा, पुन्हा बदल. समजा एखादे आमिष खरेच चांगले आहे आणि सरासरीने वीस फेकींत एकदा मासा लागतो. तर सलग वीस फेकी रिकाम्या जाण्याची शक्यता किती? ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. चांगले आमिषसुद्धा तीनांतल्या एका खेपेला वीस फेकी रिकामे जाणार! साठ फेकी रिकाम्या गेल्या तर शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. तेव्हा शंका घ्यायला जागा आहे. वर्गात एका पिशवीत वीस चिंचोके घालावेत, एकाला खडूने खूण करावी, आणि प्रत्येक गटाने एक काढून परत टाकत वीस वेळा काढावेत. काही गटांना खुणेचा चिंचोका एकदाही मिळणार नाही. ते गट 'आमची पिशवी वाईट' असे म्हणू लागतात का, ते ऐकण्यासारखे असते.

बास पकडण्याचा अमेरिकेतील विक्रम जॉर्ज पेरी या शेतकऱ्याच्या नावावर आहे. १९३२ साली जॉर्जिया राज्यात त्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा बास पकडला. जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली मानाबू कुरिता याने त्याची बरोबरी केली. पेरी आणि त्याचा सोबती यांच्याकडे घरी ठोकलेली होडी आणि दोघांत मिळून एकच खोटे आमिष होते, असे सांगितले जाते. एका माशावरून सिद्ध काहीच होत नाही. पण आमिष बदलत बसण्याची सोय त्याला नव्हती, एवढे खरे.

भरवशाचा एक फसवा प्रकारही आहे. समजा एका माणसाच्या वहीत लाल आमिषावर १२ मासे आणि हिरव्यावर ४ आहेत. तो म्हणेल, लाल तिप्पट चांगले. पण लाल ६०० वेळा फेकले आणि हिरवे २०० वेळा, तर दोन्हींचे प्रमाण २ टक्केच. लाल आवडते म्हणून ते जास्त वेळा पाण्यात गेले, आणि जास्त वेळा गेले म्हणून जास्त मासे लागले. वहीत फक्त मासे लिहिले तर हे कधीच कळणार नाही. फेकी लिहाव्या लागतात, तारीख, वेळ आणि पाणी गढूळ की नितळ तेही. नदीकाठच्या शाळेतील दोन-चार विद्यार्थ्यांनी घरच्या मोठ्या माणसांबरोबर काठावर बसून एवढी वही महिनाभर ठेवली तर नववीच्या सांख्यिकीला खरे आकडे मिळतील. पंचगंगेत तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ दूषित पाण्याने मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वारंवार येतात. असे दिवसही त्याच वहीत टिपून ठेवता येतील. मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थेकडे असेल तर आधी विचारून घ्यावे.

जून लागला की वही मिटावी. नदी चढते, आणि बहुतेक मासे याच दिवसांत अंडी घालतात. मरळाच्या पिलांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थरात एकवटून फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. त्या वेळी थव्याजवळ टाकलेल्या कुठल्याही आमिषावर मरळ तुटून पडतो. भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. तो एक मासा ओढून काढला की त्या शेकडो पिलांना खाणारे बाकीचे मासे आजूबाजूलाच असतात.